अळणी

तीन दिवस माझी आंबील खारट होती.
सांगण्यासारखं एवढंच आहे, बाकी सगळी लढाई.

बाकीचं लोकांना माहीत आहे:
मामलेदाराचे कारकून साखळ्या घेऊन आले,
पणज्यानं बुरुजावर जागून मिळवलेलं वावर मोजलं
आणि म्हणाले, आता पहारा नको, सारा भरा.
भैरवनाथाच्या दारात चारशे जणांनी बेलभंडारा उचलला.
मी सगळ्यात मोठ्यानं बोललो म्हणून म्होरक्या झालो.
घसा मोठा, दुसरं काही नाही.
बापाचाही होता. तो बांधावरून ओरडला
की वेदगंगेपलीकडचे बैल माना वळवायचे.

मग गारगोटीच्या माळावर राहुट्या पडल्या.
तोफ कुंपणीची, माणसं दरबारची,
म्हणजे आपलीच.
पहिल्या रात्री शेकोट्या मोजायला बसलो
तर एकेकीला नाव होतं.
ती तिसरी, झाडाखालची, हैबतीची.
तानूचा सख्खा भाऊ. आमच्या लग्नात
त्यानं माझा कान असा पिळला होता
की हळद उतरली तरी लाली उतरेना.

गडावरचं मीठ आधी संपलं.
दाणा होता, दारू होती, तळ्याचं पांढुरकं पाणी होतं.
मीठ नाही म्हणून कुणी मरत नाही,
पण अळणी नाचणा गिळताना माणूस गप्प होतो
आणि गप्प माणूस विचार करतो.
आठवड्यात अकरा जण दोर लावून उतरले.

भरमू कोठावळा.
मापटं कसं धरायचं, ते मला त्यानं शिकवलं,
अंगठा आत घालायचा नाही, पोरा, अंगठ्याएवढं पाप लागतं.
त्याच्या कोनाड्यात मिठाची पुरचुंडी निघाली,
खालच्या छावणीच्या निळ्या दोऱ्यानं बांधलेली.
"फितूर," कुणीतरी म्हणालं.
अंधारात तोंड दिसलं नाही.
कधी कधी वाटतं, तो घसाही माझाच.

मी विचारलं, कुणाचं मीठ?
"तुमी इचारू नगा, हवालदार."
दोनदा म्हणाला. 'तुमी'वर जोर देऊन.
मला ती मस्ती वाटली.

पहाटे कडेलोट.
जाताना त्यानं कमरेच्या किल्ल्या सोडल्या,
दगडावर ठेवल्या, मोजून, सात,
आणि सातवी जरा सरळ केली.

त्या रात्री आंबील अळणी होती.

तानूनं वर पाहिलं नाही.
"दादानं धाडलेलं. लेक अवघडलीया, तिच्यासाटनं.
भरमूमामा रातचं आनून द्यायचा.
उरंल त्ये तुमच्या गाडग्यात घालत हुते."
मग चुलीतली राख उगाच सारखी करत,
"तीन दिस खाल्लासा. इचारलं का न्हाई?"

जिभेला कळलं होतं.
चारशे माणसं उठवणारी ही जीभ
चव घेऊन गप्प बसली.
चांगलं लागत होतं.

कुणाला सांगितलेलं नाही.
पोरांना सांगितलं, मीठ लाचेचं होतं.
पोरांनी मान डोलावली. एकानं थुंकलंसुद्धा.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे मीच शिकवायचो त्यांना.
दरबारचं खाल्लं तीन पिढ्या,
हैबतीचं तीन दिवस.
जागतोय. आज चौथी रात्र, डोळ्याला डोळा नाही.

खालून निरोप आहे: उतरा, जमिनींचं बघू.
खोटा असेल. खराही असेल.
सकाळी बोलायचं आहे, आणि मला आत्ताच ठाऊक आहे
मी लढू म्हणेन.
वावरासाठी नाही, भैरवनाथासाठी नाही.
उतरलो तर भरमू कशासाठी गेला,
हे कुणीतरी विचारेल,
आणि या वेळी विचारणारी तानू नसेल.

किल्ल्या अजून दगडावरच आहेत.
दंवानं भिजल्या असतील.
नाचणा आत आहे, पोरं भुकेली उठतील,
आणि सातातली कोठीची कुठली
ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही.